दोघांच्या मध्ये उभे राहताना

वाचन : मत्तय ५:९, रोमकरांस पत्र १२:१८.

सुरतेतील आमच्या मराठी मंडळीत दोन कुटुंबांचा काही महिने अबोला होता. समेट व्हावा म्हणून आम्ही दोन्ही घरी गेलो. दोन्ही घरी एकच ऐकावे लागले : "तुम्ही त्यांच्याच बाजूचे!" मन खट्टू झाले. त्याच आठवड्यात संडे स्कूलसाठी शांती करणाऱ्यांविषयीचा पाठ तयार करावयाचा होता. तेव्हा कोरियात गेलेल्या भारतीय पहारा दलाची हकीकत आठवली.

कोरियातील लढाई २७ जुलै १९५३ रोजी थांबली. शांततेचा तह मात्र अद्याप झालेला नाही. मोठा पेच होता तो युद्धकैद्यांचा. दक्षिणेच्या बाजूकडे असलेले २२,००० हून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी जावयास तयार नव्हते. उत्तरेकडेही असे साडेतीनशेच्या वर होते. त्यांच्यासाठी भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या पाच राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते जनरल थिमय्या. पहाऱ्याचे काम मात्र एकट्या भारताकडे आले. त्या सुमारे ६,००० जवानांचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

दक्षिण कोरियाच्या सरकारने या जवानांना आपल्या भूमीवर पाऊलही ठेवू दिले नाही. बोटीवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट दोन फौजांमधील पट्ट्यात उतरवावे लागले. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना पकडून तारेच्या कुंपणाआड ठेवले. थोरात स्वतः आत गेले, खवळलेल्या जमावात उभे राहून बोलले आणि मेजरांना सोडवून आणले. या धैर्याबद्दल त्यांना अशोक चक्र, वर्ग २, हे पदक मिळाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, गोष्ट येथेच संपवू नका. ऑक्टोबरच्या आरंभी दंगल झाली, पहारेकऱ्यांनी गोळी झाडली आणि काही कैदी मरण पावले. जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याच हवाली केले गेले. त्यावरही दोन्ही पक्ष नाराजच राहिले. कोणत्याच बाजूला न जाता तटस्थ देश मागणारे ८८ जण जवानांबरोबर भारतात आले.

मग या दलाने साधले काय? दोन देशांची मने त्याने जुळवली नाहीत; ते त्याच्या हाती नव्हते. हाती दिलेली माणसे त्याने, चुकतमाकत का होईना, सांभाळली आणि दोघांचे बोल सोसूनही जागा सोडली नाही. पौलानेही रोमकरांस लिहिताना आपल्याकडून होईल तेवढ्याचीच मागणी केली आहे. उरलेले दुसऱ्याच्या मनावर आहे.

हे ध्यानी आल्यावर आम्ही पुन्हा त्या दोन घरी गेलो. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी दार अर्धेच उघडले. अबोला अजून सुटलेला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत.

वर्गासाठी प्रश्न :
१. दोन्ही बाजूंना मधल्या माणसाचा संशय का येतो?
२. शांती राखणाऱ्याच्याही हातून चूक झाली, तर त्याने काय करावे?
३. तुमच्या घरी किंवा शाळेत कोणाचा अबोला आहे? तुमच्याकडून होण्याजोगे काय आहे?