मे महिन्यात ‘कूलिंग’ टी-शर्ट किती कामाचा?

प्रश्न : अंग थंड ठेवणाऱ्या स्मार्ट कापडाचे भडक रंगांचे ओव्हरसाइज टी-शर्ट मित्रमंडळी ऑनलाइन मागवत आहेत. आमच्याकडच्या उन्हात त्यांचा उपयोग होईल का?
– एक विद्यार्थी, ब्रह्मपुरी

उत्तर : ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा कधी कधी 46 अंशांपुढे जातो. तिथे नुसतं ‘कूलिंग’ हे लेबल पाहून पैसे मोजू नयेत. या नावाने दोन वेगळी कापडं विकली जातात.

पहिल्यात मेणासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म कुप्या असतात. मेण वितळताना उष्णता शोषतं. पण रणरणत्या उन्हात ते लवकरच पूर्ण वितळतं आणि मग उरतो साधा टी-शर्ट. दुसरं कापड घाम पसरवून लवकर वाळवतं. एक ग्रॅम मेण वितळताना साधारण 200 ज्यूल उष्णता घेतं, तर एक ग्रॅम घाम उडताना सुमारे 2400. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात म्हणूनच दुसरं सरस. सैल सुती कापड किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावची खादीही चांगली.

घरी तपासून पाहावं : कापडावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो मण्यासारखा तसाच राहिला, तर घामही अंगावरच राहील. झटकन रुपयाएवढा पसरला, तर कापड कामाचं.

आणि रंग? गडद रंग उन्हात जास्त तापतो. मात्र 1980 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या वाळवंटात राहणाऱ्या बेदुइन लोकांच्या झग्यांवरील अभ्यासात, सैल काळ्या आणि पांढऱ्या झग्यांखाली त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता सारखीच आढळली, कारण आत हवा खेळत होती. तेव्हा आवडता पिवळा किंवा केशरी खुशाल घ्यावा, पण ढगळ मापाचाच. दुपारी निघावंच लागलं, तर डोक्याला दुपट्टा बांधावा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी.