पाहुणा आपल्या गल्लीपर्यंत कसा येईल?



अंबाबाईचं दर्शन झालं की बाहेरगावचा पाहुणा काय करतो? चप्पल लाइनला एक चक्कर मारतो, घासाघीस करून एक जोड घेतो. गुजरीत साज बघतो. तांबडा-पांढरा रस्सा खातो आणि गाडीत बसतो. ती चप्पल कुणी शिवली, पट्ट्यावरची वेणी कुणाच्या बोटांनी घातली, हे त्याला कळतच नाही. आणि वेणी घालणाऱ्या बाईला तो पाहुणा कधी दिसत नाही.

या महिन्याचा धडा याच्यावरच आहे. पाहुणा दुकानात येतो तो दुकानदाराच्या जोरावर. पण तो आपल्या गल्लीत, आपल्या गावात यायला हवा असेल, तर ते एका घराच्या हातात नाही. सगळ्यांना मिळूनच करावं लागतं.

१. एक चप्पल, किती हात?

कोल्हापुरी चप्पल एका माणसाचं काम नाही. कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमवायचं, तळ कापायचा, टाच लावायची, कान बसवायचे, पट्टा शिवायचा, वेणी घालायची, गोंडा लावायचा. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो, सगळी शिवण चामड्याच्या वादीनं होते. कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर या भागांत घराघरांत हे काम चालतं. कातडं कापणं, तळ ठोकणं बहुतेक पुरुष करतात. वेणी आणि नाजूक शिवण बऱ्याच घरांत बाया करतात.

हुपरीतही तसंच. तिथं चांदीचे पैंजण होतात. आटणी, तार ओढणं, कड्या जोडणं, घुंगरू लावणं, उजाळा देणं, सगळं वेगवेगळ्या हातांनी. त्यातलं पुष्कळसं काम बाया घरी बसून करतात.

म्हणजे काम आपण आधीपासूनच मिळून करतो. विकताना आणि दाखवताना मात्र एकेकटे होतो. अडचण इथंच आहे.

२. २०२५ साली काय घडलं?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या मोठ्या कंपनीनं फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली. कोल्हापूरचं नाव कुठं नव्हतं. इथं संताप झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं मान्य केलं की ही प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतली आहे, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटायला आली.

आता विचार करा. एखाद्या एकट्या कारागिरानं पत्र लिहिलं असतं, तर कुणी दखल घेतली असती का? पत्राला वजन आलं ते संघटनेमुळं आणि कोल्हापुरी चपलेला असलेल्या भौगोलिक मानांकनामुळं, म्हणजे जीआयमुळं. हे मानांकन कुणा एका व्यापाऱ्याचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचं ते मिळून आहे. त्याचा उपयोग करायचा तर कारागिरानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. आपल्या गटातल्या किती घरांनी हे केलंय? बैठकीत विचाराच.

३. दोन गावांकडून शिकू

भिलार: सातारा जिल्ह्यात, पाचगणीजवळ. स्ट्रॉबेरीचं गाव. मे २०१७ मध्ये ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. नवी मोठी इमारत बांधली नाही. लोकांनी आपल्याच घरातली खोली, ओसरी दिली, शाळेत आणि देवळात जागा केली, तिथं पुस्तकं ठेवली. सुरुवातीला अशा पंचवीस जागा होत्या. घराबाहेर पाटी असते. पाहुणा आत येतो, बसतो, वाचतो. एका घरासाठी एवढ्या लांब कुणी आलं नसतं. पंचवीस ठिकाणं मिळून ते ‘बघायला जायचं गाव’ झालं.

रघुराजपूर: ओडिशात, जगन्नाथपुरीजवळ. तिथं घरोघरी पट्टचित्र काढतात. भिंतीही रंगवलेल्या असतात. पाहुणा एका टोकाला शिरतो आणि घरं बघत दुसऱ्या टोकाला निघतो. चित्र काढणाऱ्याशी बोलतो, त्याच्याच हातून विकत घेतो.

यातलं रघुराजपूर आपल्याला जास्त जवळचं आहे. पुरीला भाविक येतात, तसे आपल्याकडं अंबाबाईला, जोतिबाला, नृसिंहवाडीला येतात. शिवाय जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. माणसं जिल्ह्यात येतातच, ती नव्यानं आणायची नाहीत. फक्त अर्धा दिवस आपल्याकडं वळवायची आहेत.

४. पैसा कुणाच्या हातात? हिशेब मांडू

पाहुणे आले म्हणजे बाईला पैसे मिळाले असं होत नाही. म्हणून हिशेब आधी ठरवायचा.

समजा, एका रविवारी ३० पाहुणे आले. माणशी ३५० रुपये घेतले. जमा १०,५०० रुपये.

– जेवण (भाकरी, झुणका, ठेचा, ताक), माणशी १५० प्रमाणे, स्वयंपाक करणाऱ्या गटाला: ४,५००
– काम करून दाखवणारी ४ घरं, प्रत्येकी ६००: २,४००
– सोबत फिरून माहिती सांगणाऱ्या गल्लीतल्या २ मुली, प्रत्येकी ५००: १,०००
– पाणी, स्वच्छता, शौचालय: ६००
– एकूण खर्च: ८,५००
– शिल्लक, सामाईक निधीत: २,०००

चपलेची, गुळाची, चटणीची विक्री वेगळी. दाखवणाऱ्या घराचे ६०० रुपये जी बाई वेणी घालून दाखवते, तिच्याच खात्यावर जमा करा. ‘घरात आले ना, मग झालं’ असं म्हणू नका. काम तिचं, खातं तिचं.

५. भांडण होऊ नये म्हणून पाच नियम

एक: पाळी लावा. पाहुणे कायम पहिल्याच घरात थांबतात, शेवटच्या घरापर्यंत पोचत नाहीत. म्हणून दर वेळी सुरुवात वेगळ्या घरापासून करा.

दोन: भाव एकच. एका जोडाला शेजारी-शेजारी दोन भाव सांगितले की पाहुण्याचा दोघींवरचा विश्वास जातो.

तीन: खोटा माल नको. रेक्झिनची किंवा मशीनची चप्पल ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून एकीनं विकली, तर बदनामी सगळ्या गल्लीची होते. ठेवायची असेल तर वेगळी ठेवा आणि काय आहे ते सांगून विका.

चार: घर आपलं आहे, प्रदर्शन नाही. विचारल्याशिवाय फोटो नाही. स्वयंपाकघरात, माजघरात कुणी शिरायचं नाही. चांदीच्या कामाला हे जास्तच लागू. घरात किमती माल असतो, भट्टी असते, ॲसिड असतं. तिथं घरोघरी फिरवू नका. एक सुरक्षित जागा ठरवून तिथंच काम दाखवा, आणि पाहुण्यांची नावं आधी लिहून घ्या.

पाच: हिशेब त्याच दिवशी. पाहुणे गेले की सगळ्यांसमोर पैसे मोजा, वहीत लिहा, सह्या घ्या.

६. कुणाला सोबत घ्यायचं?

फक्त आपले गट पुरणार नाहीत. रिक्षावाले, लॉजवाले, खानावळ, गुऱ्हाळमालक, दुकानदार यांना बोलवा. दुकानदार म्हणेल, ‘गिऱ्हाईक थेट तुमच्याकडं आलं तर माझं काय?’ त्याचा प्रश्न बरोबर आहे. त्याला सांगा: ज्यानं वेणी घालताना बघितली, तो मग भावावरून कमी भांडतो. त्यात दुकानदाराचाही फायदा आहे. त्याच्या दुकानात आपल्या गल्लीची पाटी, आपल्या गल्लीत त्याच्या दुकानाचं नाव, अशी देवाणघेवाण ठरवा. ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला दोनच गोष्टी मागा: स्वच्छ शौचालय आणि दिशा दाखवणारा फलक. मागणी ठरावासह, लेखी द्या.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. आपल्या गावात किंवा गल्लीत बघण्यासारखी कामं कोणती? हातानं नकाशा काढा, घरं दाखवा.
२. कोणती घरं खुशीनं तयार आहेत? सुनेला, लेकीला वेगळं विचारा. सासूनं दिलेला होकार म्हणजे तिचा होकार नव्हे.
३. वरचा हिशेब आपल्या भावांनी पुन्हा मांडा. शिल्लक उरते का बघा. उरत नसेल तर सुरू करू नका, आधी दर बदला.
४. पहिल्यांदा बाहेरचे पाहुणे नकोत. शेजारच्या ग्रामसंघाच्या दहा बायांना बोलवा, फिरवा, जेवू घाला. काय चुकलं ते त्या तोंडावर सांगतील.
५. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि त्याची एक प्रत संघाच्या कार्यालयात द्या.