सही केली नसशील तर

धुळे, रविवार, रात्री

चि. बाळ,

जळगावास नवी पेठेत उभ्या असलेल्या कोणा गृहस्थाच्या मोटारीस तुझ्या स्कूटरचा धक्का लागल्याचे बालंट तुझ्यावर आले असून, तू बारा हजार रुपये देऊन वर ‘चूक माझीच’ असे लिहून देण्यास सिद्ध झाला आहेस, हे तुझ्या आईकडून सायंकाळी ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. सही केलीस का? केली नसशील तर पहाटेच्या एस.टी.ने अण्णाबरोबर पाठवीत असलेले हे पत्र वाचून होईपर्यंत लेखणीस हात लावू नकोस.

धक्का जाणवला नाही, आवाज ऐकला नाही, असे तूच म्हणतोस. मग ही कबुली कोणाची? शेजारचा माठ फुटला तेव्हाही, तो न फोडता, सर्वांआधी रडू लागलेला तूच होतास. कोर्टाच्या दफ्तरात पंचनामे चाळण्यात माझी उमर गेली, म्हणून सांगतो: ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहे तो टेपने मोज आणि तुझ्या हँडलाच्या टोकाची उंची त्याच्याशी ताडून पाहा; ओरखड्यात कोणता रंग उतरला आहे, कडेस गंज धरला आहे काय, तेही बघ. स्कूटर धुऊ नकोस. समोरच्या दुकानदारास कॅमेऱ्यातील चित्रण उद्याच हात जोडून माग, कारण थोड्या दिवसांत ते आपोआप पुसले जाते. येथील तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी ज्या निष्ठेने उतरून घेतली, त्या निष्ठेने त्या दिवशीचे आठवते तेवढेच लिहून ठेव. पदरचे काही घालू नकोस.

मात्र तोंड चुकवू नकोस. अपघातात परक्याच्या मालमत्तेची हानी झाल्यास पोलिसांनी विचारलेली माहिती देणे व विमा कंपनीस लेखी कळविणे हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ अन्वये चालकाचे कर्तव्य आहे, आणि परक्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे तो अशाच प्रसंगासाठी. त्या गृहस्थांस लबाड म्हणू नकोस. त्यांचेही नुकसान झालेच आहे. पण सही नको.

मी एवढा का तळमळतो, ते तुझ्या आईसही ठाऊक नाही. एकोणीस वर्षांचा असताना आग्रा रोडवर एका पेढीपुढील मोटारीची काच फुटली आणि माझी सायकल शेजारी टेकलेली होती एवढ्यावरून चारचौघांनी मला धरले, तेव्हा भिऊन मी ‘होय’ म्हणालो. तुझ्या आजोबांनी कपाशीच्या आलेल्या पैशांतून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, आणि मला चकार शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मी सायकल काढली की ओसरीवरून ‘हळू जा रे’ म्हणत. आणि काच मी फोडली नव्हती, एवढे एक वाक्य ते जाईपर्यंत माझ्याने बोलवले नाही.

रागावून लिहिले, मनास लावून घेऊ नकोस. मोजमापात तुझाच धक्का ठरला तर पैसे मी देईन, आणि तू माझ्या दृष्टीने तसूभरही उणा होणार नाहीस. परवा मी स्वतः येतो. मामीने कळण्याचे पीठ बांधून ठेवले आहे, भरताची वांगी तू बामणोदची पाहून आण. रात्री झोप लागली नाही तर फोन कर. मी जागाच आहे.

तुझा,
मामा