पहिला टॉप खादीचाच शिवा

प्रश्न : मी शिवण नव्यानेच शिकते आहे. साध्या टॉपसाठी खादी आणली, पण ती आटते, तिचे धागे सुटतात असे सगळे सांगतात. आधी पॉलिस्टरवर हात बसवू का?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : नको. पॉलिस्टर स्वस्त असले तरी कात्रीखाली सरकते आणि इस्त्रीची घडी धरत नाही. नवख्याचे निम्मे कष्ट ते जागेवर ठेवण्यातच जातात. हातसुताचा धागा थोडा कमीजास्त जाड असतो, म्हणून खादीला पकड येते आणि नखाने दाबलेली दुमडही बसते. खादीसाठी ओळखली जाणारी मगन संग्रहालय आणि सेवाग्राम ही ठिकाणे तुमच्याच जिल्ह्यात आहेत, तिथे हे कापड शोधत फिरावेही लागत नाही.

आक्षेप मात्र खोटे नाहीत. खादी आटते, म्हणून ती रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेता. कडेचा एक धागा ओढून काढला की पडलेल्या रेघेवर कापड सरळ कापता येते. सुटणाऱ्या धाग्यांसाठी ओव्हरलॉक लागत नाही : आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून काठाजवळ टीप मारा, कडा छाटा, कापड उलटवून पुन्हा शिवा, कच्ची कड आत बंद होते. त्यासाठी बाजूंना पाऊण इंच माया ठेवा. मागावर विणलेले कापड होजिअरीसारखे ताणले जात नाही, तेव्हा छातीच्या मापात चार इंच सैल धरा, आणि गळा कापण्याआधी डोक्याचा घेर मोजा. गळा लहान ठेवायचा असेल तर पुढे चीर द्या. बाहीची गोलाई अवघड वाटली तर जुन्या सदऱ्यासारखी सरळ बाही लावून काखेत चौकोनी तुकडा जोडा.