आईला आश्रमात ठेवले तर पाप लागेल का?



गेल्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी वस्तीवर गेलो होतो. एका घरी आजी खाटेवर होत्या. न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले. मुलगा चाकणला कंपनीत, सून रोजंदारीवर. प्रार्थना झाल्यावर मुलगा मला अंगणात घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "फादर, आईला आश्रमात ठेवलं तर पाप लागेल का?"

हा प्रश्न आज आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत आहे. म्हणून त्याचा थोडा अभ्यास करू या.

१. हे ऋण आहे, उपकार नव्हे

संत थॉमस अक्वायनस आईवडिलांच्या सेवेला दयेच्या नव्हे, न्यायाच्या सद्गुणाशी जोडतात. त्यांच्या कितीतरी आधी अॅरिस्टॉटलने म्हटले होते की हे ऋण पुरते फिटत नाही. फिटत नाही म्हणून सोडायचे नसते. जमेल तेवढे देत राहायचे असते. संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचा. देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांचा वाटा चुकवणाऱ्यांना प्रभू येशूने खडसावले आहे. म्हणून स्पष्ट सांगतो : घरी आई औषधावाचून असेल तर आधी औषध आणा, सणाची वर्गणी नंतर द्या.

पाप जागेत नाही, टाकून देण्यात आहे. घरात ठेवूनही माणूस टाकलेला असू शकतो, आणि दूर ठेवूनही आपला राहू शकतो.

२. आधी गरज पाहा

अंघोळ, कपडे, संडास, जेवण, उठबस यांतले काय स्वतः जमते? औषधे लक्षात राहतात का? रात्री कोणी लागते का? हे कागदावर लिहा. आणि सर्वांत आधी त्यांना विचारा. मी त्या मुलाला म्हणालो, "आईला विचारलंस का?" तो गप्प राहिला.

३. घरीच सोय

पुष्कळदा थोड्या मदतीने भागते. संडासात धरायला दांडी, कमोडची खुर्ची, वॉकर. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. काही तासांसाठी बाई ठेवली तर काम, वेळ, पगार आणि सुट्टी आधीच ठरवा. तीही कोणाची तरी आई आहे. आणि सगळा भार सुनेवर टाकू नका. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा मुलालाही आहे.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या गावच्या स्त्रियांनाही त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. नीट शिकवले तर शेजारीण मोठा आधार होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

४. सरकारी मदत

६५ वर्षांवरील गरजूंसाठी श्रावणबाळ योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्यास दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कचेरीत करावा. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर योजनेतील रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. मात्र ते दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी, घरच्या बाईच्या पगारासाठी नाही. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

५. आश्रम निवडताना

न सांगता, जेवणाच्या वेळी जाऊन पाहा. विचारा : रात्री कोण असते? डॉक्टर कधी येतात? अंथरुणाला खिळल्यावर ठेवतात का? अनामत परत मिळते का? धर्मगुरूंना येऊ देतात का? उत्तर टाळले तर पुढे जा. आणि ठेवल्यावर भेटीचा वार ठरवून पाळा.

६. सही करण्याआधी

आजीआजोबांनो, हे तुमच्यासाठी. प्रेमापोटी जमीन नावावर करताना 'सांभाळ करावा' ही अट कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे अट मोडल्यास असा कागद रद्द होऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईला तिची मालमत्ता अशीच परत मिळवून दिली. मुले पोसत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकील लावावा लागत नाही. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. हक्क मागणे म्हणजे मुलांना शाप देणे नव्हे.

७. आपण काय करावे?

क्रुसावरून प्रभूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवले आणि त्याने तिला घरी नेले. तो तिचा पोटचा मुलगा नव्हता. म्हणजे शेजाऱ्याची आईही आपल्यावर सोपवलेली आहे. ज्यांच्या घरी कोणी खाटेवर आहे त्यांनी आज मिस्सानंतर नाव द्यावे. महिला मंडळ आणि तरुण मिळून आठवड्यातून दोन तास बसायला जातील. तेवढ्यात सुनेला बाजार करता येईल, किंवा नुसती झोपही.

त्या मुलाने आईला विचारले. ती म्हणाली, "पाऊस सरेपर्यंत घरीच राहू दे, मग बघू. पण रविवारी येत जा." सध्या सकाळी शेजारची बाई येते आणि तो दर रविवारी येतो. पुढचे अजून ठरायचे आहे.

घरी चर्चेसाठी : आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना 'तुम्हांला काय हवे?' असे आपण शेवटचे कधी विचारले?

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
धर्मगुरू