ब्राउझरचं वेषांतर

मागच्या सेमिस्टरला मला एका स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख, रात्रीचे साडेदहा, आणि स्क्रीनवर एकच ओळ : ‘तुमची सिस्टीम चालणार नाही, विंडोज वापरा.’ माझ्या लॅपटॉपवर उबुंटू. रूममेट स्वतःचा लॅपटॉप घेऊन गावी गेलेली. बरं, फॉर्ममध्ये होतं काय? नाव, मार्क्स आणि उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ! त्यात विंडोजचं काय काम?

पण मी लिनक्सवर आहे हे त्या साइटला कळलं कसं? आपला ब्राउझरच चुगली करतो. हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनकाकांच्या रजिस्टरमध्ये आपण नाव लिहितो ना, तसं प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ब्राउझर स्वतःची ओळख पाठवतो. हीच युजर एजंट स्ट्रिंग. आणि काका काही आयकार्ड बघत नाहीत. लिहाल ते खरं!

यातली थापेबाजी जुनी आहे. नेटस्केप १९९४ साली आला, त्याचं टोपणनाव मोझिला. काही साइट्स फ्रेम्स असलेली चांगली पानं फक्त ‘मोझिला’लाच द्यायच्या. म्हणून १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं. २००८ साली आलेला क्रोम तर मोझिला, सफारी, गेको सगळ्यांची नावं घेतो. गंमत म्हणजे त्यात केएचटीएमएल हे नावसुद्धा आहे, आणि ते लिनक्सवाल्यांच्या केडीईचं इंजिन. म्हणजे विंडोजवरचा क्रोमसुद्धा थोडासा आपलाच!

आता कृती. फायरफॉक्सच्या अॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ टाइप करा (अर्थात रोमन अक्षरांत). धोक्याची सूचना येईल, घाबरू नका. ‘जनरल.युजरएजंट.ओव्हरराइड’ शोधा. ते आधीपासून नसतंच, म्हणून ‘स्ट्रिंग’ निवडून अधिक चिन्ह दाबा. मग एफ१२ दाबून कन्सोलमध्ये ‘नॅव्हिगेटर.युजरएजंट’ लिहा, तुमची सध्याची स्ट्रिंग दिसेल. ती कॉपी करून चौकटीत टाका आणि फक्त ‘एक्स११; लिनक्स एक्स८६_६४’ एवढ्या तुकड्याच्या जागी ‘विंडोज एनटी १०.०; विन६४; एक्स६४’ घाला. विंडोज ११ सुद्धा स्वतःला १०.०च म्हणवतं, तेव्हा चिंता नको. सेव्ह करा, पान रिफ्रेश करा. क्रोमियमवाल्यांनी सगळ्या खिडक्या बंद करून टर्मिनलमधून ‘--युजर-एजंट=’ हा ऑप्शन देऊन तो चालू करायचा. एक जरी खिडकी उघडी राहिली तरी ऑप्शन लागू होत नाही. माझी इथेच दहा मिनिटं गेली.

माझा फॉर्म अकरा वीसला सबमिट झाला. पण प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. वेष बदलला तरी ‘नॅव्हिगेटर.प्लॅटफॉर्म’ लिनक्सच सांगतं, तिथे चेक करणारी साइट पकडतेच. आणि जिथे खरोखर विंडोजचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करावं लागतं, तिथे सोंग उपयोगाचं नाही.

काम झालं की ती ओळ डस्टबिनच्या चिन्हावर क्लिक करून काढून टाका. नाहीतर फायरफॉक्स अपडेट होत राहतो आणि स्ट्रिंग जुन्याच व्हर्जनची राहते, मग साइट्स ‘ब्राउझर अपडेट करा’ म्हणून मागे लागतात. दुसरं कारण मला जास्त टोचलं. त्या रात्री त्यांच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये मी विंडोजवाली म्हणून मोजले गेले. आपण सगळेच असे वेष बदलून आत शिरलो, तर ‘लिनक्सवरून कोणी येतच नाही’ असं ते म्हणतील, आणि त्यांच्या रजिस्टरप्रमाणे ते खरंच असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी हेल्पडेस्कला मेल टाकला : फॉर्म लिनक्सवर नीट चालतो, फक्त तुमचा चेक काढा. उत्तर अजून आलेलं नाही. स्कॉलरशिपचंही नाही.