वाइनची द्राक्षं लावण्याआधी

आमच्या बेला-जैनथ पट्ट्यातले काही तरुण सध्या वाइनच्या द्राक्षांची चौकशी करताहेत. आदिलाबादची थंडी नाशिकपेक्षा कमी नाही, मग इथे का नको, हा त्यांचा हिशेब. थंडीचं म्हणणं खरं आहे. रात्री गार असल्या की मण्यातलं आम्ल टिकतं आणि वाइनला ते हवंच असतं. पण नाशिककडच्या दिंडोरीला माझ्या मावसभावाची बाग उभी राहताना मी पाहिली, तशी उपटली जातानाही पाहिली.

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क काढला. शिराझ, कॅबर्ने अशा वाइनच्या जाती गावोगाव लागल्या. भावाने एका वायनरीच्या शब्दावर बाग धरली. २००८ ची मंदी आणि पाठोपाठ मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांतच राहिली. पुढे वायनरीने माल उचललाच नाही. बाजारात ही द्राक्षं कोण घेणार? मणी बारीक, साल जाड, आत बिया. ना खायला, ना बेदाण्याला. साखर बावीस-चोवीस ब्रिक्सवर आली की तोडायची आणि लगेच गाळपाला न्यायची. कापूस घरात भरून चांगल्या दराची वाट पाहता येते, इथे ती सोय नाही. वेली गेल्या, अँगल, तारा, ठिबकचं कर्ज राहिलं.

म्हणून रोपं सांगण्याआधी खरेदीदाराचा करार कागदावर घ्या. दर, ब्रिक्सची अट, मोजणी कुठे, पैसे किती दिवसांत, आणि माल नाकारला तर नुकसान कोणाचं, हे त्यात स्पष्ट हवं. शेवटचं कलम नसेल तर सही करू नका. गाळप कुठे होणार तेही विचारा. इथून नाशिक जवळपास सहाशे किलोमीटर, तोडलेला माल ट्रकमध्येच आंबू लागेल.

मग वावराकडे बघा. पऱ्हाटीला मानवणारी खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते, वेलीच्या मुळांना ते सोसत नाही. आपल्याकडे पाऊस नाशिकच्या द्राक्षपट्ट्यापेक्षा जास्त; ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस आला की कोवळ्या फुटीवर डावणी रोग येतो, फवारणीचा खर्च वाढत जातो. माती-पाण्याचे तपासणी अहवाल घेऊन पुण्याजवळच्या मांजरीला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, एकदा जाऊन या. कलमासाठी खुंट कोणता हे तिथे विचारा, रोपवाटिकेवाल्याला नको.

एवढं करूनही मन होत असेल तर वाइनच्या द्राक्षांसोबत काही गुंठ्यांवर खाण्याची जातही लावा. करार मोडला तरी आदिलाबादच्या बाजारात ती विकता येईल.